सात मिनिटांत कीअर हार्डी: खाणीतून संसदेत गेलेल्या माणसावर भाषण कसं बांधायचं

१ मे ला आमच्या खदान वसाहतीत तीन निमित्तं एकाच दिवशी पडतात. महाराष्ट्र दिन, कामगार दिन, आणि १९७३ साली याच तारखेला खासगी मालकांच्या कोळसा खाणी सरकारकडे आल्या, तो दिवस. संध्याकाळी वक्तृत्व स्पर्धा असते. विषय बदलत राहतात, पण 'गरिबीतून नेतृत्वाकडे' या चालीचा एक तरी हटकून असतो. मग मुलं माझ्याकडे येतात. मी शाळेत मराठी शिकवायची, आणि निवृत्त झाल्यावरही 'नाही' म्हणायला काही शिकले नाही.

येताना भाषण लिहूनच आणतात. नेता कोणताही असो, भाषण तेच. पहिल्या ओळीत अठराविश्वे दारिद्र्य, मधे जिद्द, चिकाटी आणि मेहनत, शेवटी एखादा शेर. नाव खोडून दुसरं घातलं तरी एक शब्द बदलावा लागत नाही. परीक्षक तिसऱ्या मिनिटाला पाण्याचा ग्लास शोधू लागतात.

म्हणून अलीकडे मी मुलांना कीअर हार्डी देते. स्कॉटलंडचा खाणकामगार, पुढे ब्रिटिश संसदेचा सभासद आणि तिथल्या मजूर पक्षाच्या उभारणीतला मुख्य माणूस. तो निवडण्याचं कारण सरळ आहे. आमच्या पोरांना खदान माहीत आहे, स्पर्धेत दुसरं कुणी त्याच्यावर बोलणार नाही, आणि त्याच्या आयुष्याच्या बहुतेक वळणांवर पैशाचा आकडा सापडतो. माझी सगळी पद्धत त्या आकड्यांवरच उभी आहे.

आधी वहीचं एक पान

पान आडवं धरा आणि चार रकाने आखा: साल, काम, मिळकत, आणि चौथा 'हे पैसे दिले कुणी'. सुरुवात, शेवट, सुभाषितं, सगळं नंतर बघू. चौथा रकाना भरल्याशिवाय एक वाक्यही लिहायचं नाही, असा माझा नियम आहे. गरीब माणूस पुढारी होतो म्हणजे काय होतं? तो कामावर न जाता सभेला जातो. त्या दिवशी त्याच्या घरची चूल कोण पेटवतं, हे ज्या भाषणात नाही ते भाषण अर्धवट.

नाण्यांचा हिशेब आधी पाठ करा. तेव्हा १२ पेनींचा एक शिलिंग आणि २० शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे एका पौंडात २४० पेनी. रुपयांत बदलायच्या भानगडीत पडू नका. 'म्हणजे आजचे इतके हजार' असं कुणी म्हणालं की मी तिथंच थांबवते. तो हिशेब कुणालाच धड जमत नाही आणि ऐकणाऱ्याला त्यातून काही कळतही नाही. हार्डीची एक मिळकत त्याच्याच दुसऱ्या मिळकतीशेजारी ठेवा, तेवढं पुरतं.

पानावर साधारण हे यावं. १८६६, बेकरीत पोऱ्या, आठवड्याला ३ शिलिंग ६ पेनी, देणारा बेकरीवाला. १८८६, आयर्शर खाणकामगार संघटनेचा चिटणीस, वर्षाला ७५ पौंड, देणारे तिथले खाणकामगार. १८८८, वर्षाला ३०० पौंड, देऊ करणारे लिबरल पक्षवाले, घेतले नाहीत. १८९२, खासदार, पगार शून्य. १९११, खासदार, वर्षाला ४०० पौंड, देणारं सरकार. मधल्या जागा वाचत जाल तशा भरा.

आता या पानाकडे नुसतं बघत बसा. बेकरीचा पगार वर्षाचा काढला तर नऊ पौंडांच्या थोडा वर जातो. ७५ पौंड म्हणजे आठवड्याला २९ शिलिंगांच्या आसपास. ३०० पौंड म्हणजे त्याच्या चौपट. आणि खासदार झाला त्या वर्षी शून्य! मुलं इथं हमखास विचारतात, 'बाई, मग खाल्लं काय?' हा प्रश्न पोरानं स्वतःहून विचारला की अर्धं भाषण तयार झालं असं मी धरते.

बालपणाचा एकच प्रसंग घ्या

त्याचं बालपण दुःखांनी भरलेलं आहे. सगळी सांगितलीत तर एकही लागणार नाही. जन्म १८५६, लॅनार्कशरमध्ये. आई मेरी कीअर, दुसऱ्यांच्या घरी कामाला असायची आणि तेव्हा अविवाहित होती. पुढे डेव्हिड हार्डी या जहाजाच्या सुताराशी तिचं लग्न झालं. मुलगा सात-आठ वर्षांचा असताना ग्लासगोत निरोप पोचवण्याच्या कामाला लागला. शाळा जवळपास नाहीच. हे सगळं चार वाक्यांत उरका आणि १८६६ च्या अखेरीला या.

क्लाइड नदीकाठच्या जहाजबांधणी कारखान्यांच्या मालकांनी टाळं ठोकलं होतं. सावत्र बाप महिनोन्‌महिने घरी. दहा वर्षांच्या पोराचे साडेतीन शिलिंग एवढीच घरची मिळकत. सकाळी सातपासून संध्याकाळी साडेसातपर्यंत तो बेकरीत राबायचा. घरात धाकटा भाऊ तापानं फणफणलेला, आईचे दिवस भरत आलेले, रात्रीचं जागरण याच्याकडे. त्यामुळे दोनदा कामावर उशीर झाला. दुसऱ्यांदा पोचला तो पावसात निथळत आणि उपाशीपोटी. मालकानं वर घरात बोलावलंय, असं सांगण्यात आलं. दाराबाहेर नोकराणीनं थांबवलं, कारण आत सकाळची प्रार्थना चालू होती. प्रार्थना संपली, दार उघडलं. आत मालकाचं कुटुंब न्याहारीच्या टेबलाभोवती बसलेलं. मालकानं त्याला कामावरून काढलं आणि वर पंधरा दिवसांचा पगार दंड म्हणून कापला. त्या रात्री घरात बाळ जन्मलं आणि १८६७ सालचा पहिला दिवस उजाडला तेव्हा घरात ना विस्तव होता ना अन्न. हे सगळं हार्डीनं मोठेपणी स्वतःच सांगितलेलं आहे.

हा प्रसंग कसा सांगायचा? सपाट आवाजात. मुलं इथं रडवेला सूर लावतात आणि सगळं घालवतात. 'नराधम मालक' हा शब्द तर मी दर वेळी खोडते. तो माणूस नराधम होता की नाही ते मला माहीत नाही. तो प्रार्थना करत होता आणि पोरगं दाराशी भिजून उभं होतं, हे मला माहीत आहे, आणि तेवढं सांगितलं की सभागृह आपोआप गप्प होतं. कापलेला पगार आकड्यात सांगा: ७ शिलिंग. त्या सातनंतर एक श्वास घ्या. दुसरं काही करू नका.

प्रार्थनेची नक्कलही नको. हार्डी पुढे स्वतः धार्मिक माणूस झाला, गावोगाव धर्मप्रवचनं केली. धर्माची टिंगल करून त्याची गोष्ट सांगता येत नाही.

खदान आली की बाहेरच्या शब्दांना सुट्टी

लगेच पुढची नोकरी कोळशाच्या खाणीत. दहाच वर्षांचा का? तर १८४२ च्या कायद्यानं दहाच्या आतल्या मुलांना जमिनीखाली उतरवायला बंदी केली होती. दहा पूर्ण झाली की मोकळं रान. हे वाक्य जरूर घ्या, कारण कायदा होता आणि तो पाळूनही हे घडलं.

काम काय, तर हवेच्या दाराशी बसायचं. शहरातल्या श्रोत्यांना हे समजावून सांगावं लागतं, आमच्याकडे निम्मं सभागृह मान डोलावतं. खाणीत हवा ठरलेल्या वाटेनं फिरवतात. मधल्या वाटांवर दारं असतात. टब, म्हणजे कोळशाची गाडी, आला की दार उघडायचं, गेला की लगेच बंद करायचं. दार उघडं राहिलं तर हवा जवळची वाट धरते, लांब कोळसा तोडणाऱ्या माणसांपर्यंत पोचत नाही आणि तिथं गॅस साचतो. म्हणजे दहा वर्षांच्या पोराच्या हातात आतल्या माणसांचा श्वास. अंधारात, एकट्यानं, दहा तास. हिवाळ्यात आठवडाभर ऊन दिसायचं नाही.

या भागासाठी मी मुलांना गृहपाठ देते: घरी जा आणि बापाला, आजोबाला हवेच्या दाराबद्दल विचारा. जे शब्द ते वापरतील तेच भाषणात घाला. 'भूगर्भातील कृष्णविवर' असलं काही लिहून आणलं की मी वही परत करते. एका मुलीच्या आजोबांनी तिला सांगितलं होतं की दार नीट लागलंय की नाही ते कानाला कळतं, हवेचा आवाज बदलतो. तिनं ते जसंच्या तसं भाषणात घेतलं. परीक्षकांमध्ये एक निवृत्त ओव्हरमन, म्हणजे खाणीत कामावर देखरेख करणारे, होते, ते खुर्चीत पुढे सरकून बसले.

बेकरीत एक दार आणि खाणीत दुसरं, हे हुशार मुलांच्या लगेच लक्षात येतं आणि त्यांना त्यावर अलंकारिक वाक्य करायचं असतं. करू नका. दोन्ही दारं शेजारी शेजारी ठेवा आणि पुढे चला.

मधली वीस वर्षं

इथं भाषणं कोसळतात. 'अथक परिश्रमाने त्याने शिक्षण घेतले' या एका वाक्यात वीस वर्षं गायब. खरं तर पुढारी घडला तो इथंच, म्हणून सात मिनिटांतली अडीच मी इथं देते.

वाचायला आईनं शिकवलं. लिहिणं बरंच उशिरा आलं, रात्रशाळेत, जिथं मुलांनी आपली मेणबत्ती आपण आणायची असे. खाणीत असताना तो लघुलिपी शिकला: दिव्याच्या काजळीनं पाटी काळी करायची आणि वात सारायच्या काडीनं तिच्यावर रेघोट्या ओढायच्या. हे तपशील चांगले आहेत, घ्या, पण इथंच थांबलात तर पुन्हा जिद्दीचीच गोष्ट होईल. शिकलेल्याचं त्यानं केलं काय ते सांगा. दारूबंदीच्या सभांत आणि प्रार्थना मंडळींत तो उभं राहून बोलायला शिकला. खाणकामगारांना बोलणारा माणूस हवाच होता. मजुरी, वजनातली लबाडी, अपघात यांवर मालकाशी बोलायचं तर कुणीतरी पुढे उभं राहायला हवं. तो उभा राहिला, आणि पुढे उभ्या राहणाऱ्याचं जे होतं ते झालं. एके सकाळी पिंजऱ्यातून, म्हणजे माणसांना खाणीत नेणाऱ्या पाळण्यातून, खाली उतरत असताना पिंजरा मधेच थांबवून वर घेण्यात आला. हार्डी नावाचं कुणी आता या खाणीत नको, असं व्यवस्थापकानं सुनावलं. त्याच्याबरोबर दोन भावांचीही नोकरी गेली. आसपासच्या खाणींतही दारं बंद झाली.

मग वहीतला चौथा रकाना बघा. त्यानं एक छोटं दुकान टाकलं, वर्तमानपत्रांना मजकूर पाठवू लागला. १८७९ मध्ये त्याचं लिली विल्सनशी लग्न झालं. १८८० चा लॅनार्कशरचा संप हरला. तो आयर्शरमध्ये कम्नॉकला गेला, तिथंही संप, तिथंही हाल, पोटापाण्याला स्थानिक वर्तमानपत्रात काम. आणि १८८६ मध्ये आयर्शरच्या खाणकामगारांची संघटना उभी राहिली, तिनं याला चिटणीस नेमलं आणि वर्षाला ७५ पौंड ठरवले.

हे ७५ पौंड भाषणात सगळ्यात मोठ्यानं म्हणा. कामगारांच्या कामासाठी मिळणारी आणि खाणमालकाच्या दयेवर नसलेली मिळकत ती हीच. आता त्याला पिंजऱ्यातून वर खेचता येणार नव्हतं.

माझे वडील टब भरायचे. ठेकेदाराच्या हाताखाली होते तोवर टबावर मजुरी, टब मोजणारा त्याचा माणूस. १९७३ नंतर महिन्याचा पगार सुरू झाला आणि मी डी.एड.ला गेले. माझ्या सत्काराच्या भाषणात एकानं माझ्या जिद्दीचं फार कौतुक केलं. जिद्द माझ्या थोरल्या बहिणीत माझ्यापेक्षा जास्त होती, पण तिच्या वेळी पगार नव्हता. मुलांना हे मी एकदा सांगते, म्हणजे चौथा रकाना कशासाठी ते कळतं. त्यांनी भाषणात घ्यावं म्हणून सांगत नाही.

१८८७ मध्ये हार्डीनं खाणकामगारांसाठी स्वतःचं पत्र काढलं. याच दशकात आपल्याकडे मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे 'दीनबंधू' चालवत गिरणी कामगारांच्या सभा घेत होते. १८९० मध्ये कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या लढ्यातून. ही तुलना करायची तर एका वाक्यात करा. विषय हार्डीचा आहे, दोन नेत्यांना सात मिनिटांत बसवायला गेलात तर दोघंही उभेच राहतील.

मतांचे आकडे

आधी एक कारण सांगायचं राहतं. १८८४ च्या सुधारणा कायद्यानं ग्रामीण मतदारसंघांतल्या बऱ्याच घरधारक पुरुषांना मत मिळालं, त्यात खाणकामगार आले. बायकांना नाही, सगळ्या पुरुषांनाही नाही. पण त्याआधी कितीही जिद्द असती तरी मतं आणणार कुठून?

१८८८ मध्ये मिड लॅनार्कची पोटनिवडणूक लागली. लिबरल पक्षानं त्याला उमेदवारी दिली नाही, हा स्वतंत्र उभा राहिला. माघार घे, पुढे दुसरीकडची जागा देऊ आणि वर्षाला ३०० पौंडांची सोय करू, असं त्याला सांगण्यात आलं. यानं नकार दिला. निकाल: लिबरल ३,८४७, टोरी, म्हणजे हुजूर पक्ष, २,९१७, हार्डी ६१७. शंभरात आठ मतं.

मुलांना हा भाग गाळायचा असतो. नायक हरतो हे त्यांना आवडत नाही. मी गाळू देत नाही. ३०० पौंड नाकारून ६१७ मतं, हे दोन आकडे एकाच वाक्यात आले पाहिजेत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यानं इतरांबरोबर स्कॉटिश मजूर पक्ष स्थापन केला, हे त्याच्या पुढच्या वाक्यात.

१८९२ मध्ये लंडनच्या पूर्व भागातल्या वेस्ट हॅम साउथमधून तो निवडून आला: ५,२६८ विरुद्ध ४,०३६. इथं प्रामाणिक राहा, त्या जागेवर त्याच्याविरुद्ध लिबरल उमेदवार नव्हता. उंच रेशमी हॅट आणि काळा कोट घालून येणाऱ्या सभासदांमध्ये हा साधी टोपी आणि जाड्याभरड्या लोकरीचा सूट घालून आला, यावर वर्तमानपत्रांनी रकाने भरले. हे मुलांना फार आवडतं. वीस सेकंद द्या, जास्त नाही. टोपीपेक्षा १८९४ महत्त्वाचं. त्या वर्षी २३ जूनला वेल्समधल्या किल्फिनिद गावच्या अॅल्बियन खाणीत स्फोट होऊन अडीचशेहून जास्त माणसं गेली. त्याच दिवशी राजघराण्यात मुलगा जन्मला. संसद अभिनंदनाचा ठराव करत होती. मेलेल्यांच्या घरच्यांसाठी शोकाचा शब्द त्यात घाला, अशी हार्डीची मागणी होती. ती मान्य झाली नाही, तेव्हा तो भर सभागृहात राजघराण्याविरुद्ध बोलला आणि बाकीच्यांनी आरडाओरडा केला. पुढच्या वर्षी त्याची जागा गेली. १९०० मध्ये तो वेल्समधूनच, मर्थर टिडफिलमधून, पुन्हा निवडून आला.

४८,००० पेनी

शेवटाकडे मी मुलांकडून एक गणित करून घेते. खासदाराला पगार नव्हता. श्रीमंतांना त्यानं फरक पडत नव्हता, मजुराला पडत होता. हार्डी लेख आणि व्याख्यानांवर भागवायचा. १९०३ मध्ये मजूर प्रतिनिधित्व समितीनं, म्हणजे पुढच्या मजूर पक्षानं, ठरवलं की संलग्न संघटनांनी दर सभासदामागे वर्षाला एक पेनी द्यायची आणि त्या निधीतून आपल्या खासदारांना वर्षाला २०० पौंड द्यायचे.

आता करा हिशेब. २०० गुणिले २४०. अठ्ठेचाळीस हजार. एक खासदार वर्षभर उभा ठेवायला ४८,००० कामगारांची एकेक पेनी. हा गुणाकार मुलं व्यासपीठावर मोठ्यानं करतात आणि मी पाहिलंय, समोर बसलेली माणसं ओठ हलवत बरोबर करतात. १९०६ मध्ये या पक्षाचे २९ जण निवडून आले आणि संसदेतल्या गटाचा पहिला अध्यक्ष हार्डी झाला. १९०९ मध्ये एका खटल्यात लॉर्ड्सनी, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहातल्या न्यायाधीशांनी, निकाल दिला की कामगार संघटनांना असा राजकीय निधी गोळा करता येणार नाही. पेनी बंद. खासदारांची पंचाईत. १९११ मध्ये मग सरकारनंच सगळ्या खासदारांना वर्षाला ४०० पौंड सुरू केले. एवढं झालं की चौथा रकाना पूर्ण.

हमखास होणाऱ्या गफलती

'पहिला खाणकामगार खासदार' म्हणू नका. १८७४ मध्येच अलेक्झांडर मॅक्डोनल्ड आणि थॉमस बर्ट हे दोन खाणकामगार निवडून आले होते, पण लिबरल पक्षाच्या आसऱ्यानं. हार्डीचं वेगळेपण त्या आसऱ्याशिवाय येण्यात आहे. १८९२ मध्ये असा तो एकटा नव्हता, जॉन बर्न्स आणि हॅवलॉक विल्सनही होते. 'पंतप्रधान झाला' असं एकानं ठोकून दिलं होतं. हार्डी कधी मंत्रीसुद्धा झाला नाही. मजूर पक्षाचा पहिला पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड, १९२४ मध्ये, आणि हार्डी वारला १९१५ मध्ये.

त्याचा जन्म १५ ऑगस्टचा. हे कळल्यावर प्रत्येक मुलाचे डोळे चमकतात. योगायोग आहे, सोडून द्या. भारताशी खरा संबंध हवा असेल तर १९०७ घ्या: तो इथं आला, बंगालमध्ये फिरला, राज्यकारभारावर जे बोलला त्यावरून इंग्लंडच्या वर्तमानपत्रांनी काहूर माजवलं. परत जाऊन त्यानं हिंदुस्थानावर पुस्तकही लिहिलं.

लिलीला विसरू नका. तो लंडनला आणि देशभर सभांना, ती कम्नॉकला मुलं घेऊन, हातात येईल तेवढ्यात घर चालवत. चौथ्या रकान्यात तिचं नाव यायला हवं. एका मुलीनं ते लाल शाईनं लिहून आणलं होतं. मी पूर्ण गुण दिले, परीक्षकांनी काय दिले ते सोडा.

आणि एक अवघड गोष्ट. १८८० च्या दशकात आयर्शरमध्ये लिथुआनियातून मजूर आणले गेले, तेव्हा हार्डीनं मालकांबरोबर त्या मजुरांवरही कडवट लिहिलं, ही माणसं इथं नकोत असा सूर लावला. भाषणात घ्यावं का? आठवी-नववीच्या मुलांना मी आग्रह करत नाही. अकरावीच्या पुढच्यांना सांगते, घ्या. आमच्याच खदानीवर बाहेरून आलेले ठेका कामगार आहेत, सभागृहात मागच्या रांगेत तेही बसतात. ज्याला आपण डोक्यावर घेतो तो इथं कमी पडला, हे सरळ एका वाक्यात म्हणा आणि सारवासारव करू नका. नंतरचा हार्डी वेगळाही आहे: बायकांच्या मताधिकारासाठी उभा राहिला, १९१४ मध्ये युद्धाला विरोध केला आणि ऑगस्टमध्ये अॅबरडेअरला, स्वतःच्या मतदारसंघात, त्याची सभा उधळली गेली.

उभं राहताना

सात मिनिटं म्हणजे साधारण आठशे शब्द, त्याहून जास्त लिहू नका. आकडे हळू बोला, बाकीचं नेहमीच्या वेगानं. एका भाषणात सात-आठच आकडे: ३ शिलिंग ६ पेनी, ७ शिलिंग, ७५, ३००, ६१७, ५,२६८, ४८,०००. बाकीची सालं आणि आकडे परीक्षकांनी विचारले तर सांगायला ठेवा. नावं घरी मोठ्यानं म्हणून ठेवा, मर्थर टिडफिलवर भलेभले अडखळतात. अडखळलात तर पुन्हा म्हणा, माफी मागत बसू नका.

सुरुवात 'सन्माननीय व्यासपीठ'नंतर थेट बेकरीच्या दारापासून करा. जन्मगाव, आईवडील, बालपण हे त्यानंतर. सहाव्या मिनिटाला इशाऱ्याची घंटा होते. तेव्हा तुम्ही कुठंही असा, उरलेलं सगळं सोडून गुणाकारावर या. तो सांगितल्याशिवाय खाली उतरायचं नाही. शेर नको.

पाठांतर झालं की कागद घरी ठेवा. आकड्यांची चिठ्ठी तेवढी मुठीत चालते, आमच्या स्पर्धेच्या नियमांत तिला मनाई नाही, मी आयोजकांना विचारून घेतलंय.